बत्ता आणि शहाळं

देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय मी कधी अन्नाचा कण तोंडात घातला नाही, हे वाक्य मी आजवर इतक्या जणींना ऐकवलं आहे की आमच्या बिल्डिंगमधल्या सुना ते माझ्या आवाजात म्हणून दाखवायच्या. मला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. दहिसरला आमची चाळ होती तेव्हापासून माघी गणपतीचा महाप्रसाद माझ्या देखरेखीखाली शिजत आला. चाळ पाडून टॉवर उभा राहिला, माणसं लिफ्टने वर गेली, तरी पळी माझ्याच हातात राहिली. काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याला खोबरं किती भाजायचं, भाताचं पाणी कधी ठेवायचं, पहिल्या पंगतीला कोणी बसायचं, सगळं मी ठरवायचे. एखादीने नैवेद्याआधी मीठ चाखून बघितलं तर सगळ्यांदेखत तिचा पाणउतारा करायचे. मी स्वतः कधी पंगतीला बसले नाही. सगळे जेवून गेले की टोपाच्या तळाशी राहिलेलं खायचे, आणि त्या तळाशी राहिलेल्याचाच मला सर्वांत जास्त अभिमान होता. देव हे सगळं बघतो आहे, माझ्या नावावर काहीतरी जमा होतं आहे, असं मी धरून चालले होते.

मग गालाच्या आतल्या बाजूला चट्टा उठला. तिखटाने आला असेल म्हणून मी बरेच महिने तसेच काढले. मशेरी मी लग्नाआधीपासून लावत होते. गावाला आई लावायची, आजी लावायची. तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास आला की सकाळ झाली असं आम्ही समजायचो. मुंबईत आल्यावर मी डबी लपवायला शिकले. आधी मशेरी, मग आंघोळ, मग पूजा, असा माझा क्रम होता. पूजेला बसताना तोंड स्वच्छ असे, म्हणून देवालाही ते चालत असेल अशी मी सोयीस्कर समजूत करून घेतली होती. डॉक्टरांनी विचारलं, तंबाखू खाता का, तर मी ठामपणे नाही म्हणाले. खात कुठे होते मी? आमचे हे शेजारीच बसले होते. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मशेरी लावते." डॉक्टरांनी नुसती मान हलवली. त्या मान हलवण्याची जी लाज वाटली ती पुढे कितीतरी दिवस माझ्या अंगावरून उतरली नाही.

ऑपरेशन झालं. गालाचा आतला भाग काढून तिथे मांडीची कातडी लावली. माझी जीभ, जिच्या धारेला अख्खी बिल्डिंग भ्यायची, ती तोंडात जड पडून राहिली. मी बोलले तर ह्यांच्याशिवाय कोणाला समजायचं नाही. तोंडाने गिळता येणार नव्हतं आणि पुढे रेडिएशनमध्ये तोंड आणखी सोलवटणार होतं, म्हणून नाकातून पोटात नळी घातली. नळीचं टोक चिकटपट्टीने गालावर बसवलं. अंधेरीच्या त्या रुग्णालयात आहाराचं बघणारी एक लहानखुरी मुलगी होती. तिने आम्हाला समोर बसवून नीट समजावलं. म्हणाली, औषध आणि मशीन आपलं काम करतील, पण ते सोसायला अंगात ताकद तुम्हालाच आणावी लागेल. मुगाची डाळ, भात, दूध, अंडं, केळं, शेंगदाणे, वर तेल, सगळं शिजवून मिक्सरमधून काढायचं, बारीक कपड्याने गाळायचं, आणि दिवसातून ठरलेल्या वेळी सिरिंजने नळीत सोडायचं. वजन उतरू द्यायचं नाही. हे सगळं ती मला सांगत होती, पण शिकत होते ते आमचे हे. मी भिंतीवरच्या फळांच्या चित्राकडे बघत बसले होते.

ह्यांच्याबद्दल सांगायचं तर, लग्न झाल्यापासून ह्या माणसाने चहासुद्धा स्वतः केलेला नव्हता. मी करूच दिला नव्हता. गिरणी बंद पडल्यावर एका हाउसिंग सोसायटीत वॉचमन, मग सुपरवायझर अशा नोकऱ्या करून ते घरी बसले होते. देवधर्मात त्यांचं लक्ष नव्हतं. मी पूजेला बसले की ते गॅलरीत जाऊन पेपर वाचायचे. आरतीला हाक मारली तर येऊन मागे उभे राहायचे आणि हात जोडायचे विसरायचे. अशा माणसाने माझ्या स्वयंपाकघरात शिरून डबे उघडायला सुरुवात केली. तेलाची बरणी कुठे, गाळायचं फडकं कुठे, मिक्सरचं झाकण का बसत नाही, अशा हाका मला आतल्या खोलीत ऐकू यायच्या. माझ्या गोळ्याही नळीतूनच जायच्या, म्हणून ते त्या पितळी खलबत्त्यात कुटून पाण्यात विरघळवायचे. तो खलबत्ता माझ्या माहेरचा. त्यात मी वेलची कुटायचे ती फक्त नैवेद्याच्या खिरीची.

आता ज्याची लाज वाटते ते सांगते. ते मिश्रण मला अन्न वाटायचं नाही. त्याचा रंग राखाडी, त्यात भात आणि अंडं आणि केळं एक झालेलं. असलं काही देवापुढे ठेवायचं कसं? आणि ठेवायचं नसेल तर पोटात घालायचं कसं? मनाशी मी असा वाद मांडला आणि त्यात मीच जिंकले. पहिल्या संकष्टीला मी ठरवलं की आज उपास आहे, तर नळीलाही उपास. ह्यांना सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं नसतं. म्हणून मी म्हटलं, मला तुमच्यासमोर नळी लावायची लाज वाटते, पेला द्या आणि दार लावून घ्या, माझं मी करीन. ते पेला ठेवून गॅलरीत जाऊन बसले. मी तो मोरीत ओतला आणि वर बादलीभर पाणी टाकलं. संकष्टीनंतर मंगळवार पाळले. मग गुरुवारही. मग कुठलाच वार लागेनासा झाला. सकाळचा पेला तेवढा घ्यायचा आणि बाकीचे मोरीत, असं चाललं.

उपास हे मी दिलेलं नाव होतं. खरं काय ते मला तेव्हाही माहीत होतं. मला देवाचा राग आला होता. इतकी वर्षं तुझ्या माणसांना जेवू घातलं आणि तू माझं तोंडच काढून घेतलंस, असं मी रोज मनात त्याला म्हणायचे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मला कोणाच्या हातचं घ्यायचं नव्हतं. वाढणारी मी होते. नवऱ्याने मला तान्ह्या मुलासारखं भरवायचं, शेजारणींनी ते बघायचं आणि पुढच्या माघीला माझ्याच पळीने भात वाढताना त्याबद्दल कुजबुजायचं, ह्यापेक्षा न घेतलेलं बरं. देवाला भिऊन वागते असं दाखवत मी देवाशीच हट्ट धरून बसले होते.

रेडिएशन सुरू झालं. रोज मेट्रोने अंधेरीला जायचं, तोंडावर मास्क, त्यावर पदर. आठवड्यातून एकदा ती आहारवाली मुलगी वजन करायची. पहिल्या खेपेला काटा उतरलेला दिसला तेव्हा तिचा चेहरा पडला आणि तिने ह्यांनाच विचारलं, काका, तुम्ही सगळं घालता ना? ह्यांनी घाईघाईने काय काय घातलं ते सांगितलं, चुकलेल्या विद्यार्थ्यासारखं. ते बघूनसुद्धा मी तोंड उघडलं नाही. पुढच्या खेपेला जाताना मी खलातला बत्ता रुमालात गुंडाळून परकराच्या नाडीला आतून बांधला. चांगला वजनदार बत्ता तो. काटा जागेवर राहिला, मुलगी खूष झाली, हे खूष झाले. घरी आल्यावर मी तो कपाटात साड्यांच्या खाली ठेवला. संध्याकाळी स्वयंपाकघरातून हाक आली, "बत्तो खंय ठेवलंस गो?" मी म्हटलं, नीट शोधा. ते बिचारे दोन दिवस शोधत राहिले आणि मग लाटण्याच्या टोकाने गोळ्या कुटायला लागले. खलात लाटणं आपटल्याचा तो बोदा आवाज मला रोज ऐकू यायचा. मी कूस बदलायचे.

काट्याला फसवता येतं हे मला कळलं होतं. पण रेडिएशनला डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर एक जाळीचा साचा घालतात. तो आपल्याच चेहऱ्यावर गरम असताना बसवून घडवलेला असतो आणि मशीनखाली झोपलं की टेबलाला घट्ट अडकवतात. ती अंगारकी होती, आणि वजनाचाही दिवस, म्हणून बत्ता बरोबर होता. सकाळचा पेला मी वासही न घेता ओतला होता. गाऊन घालून टेबलावर झोपले, तंत्रज्ञाने साचा लावला, थोडा हलवला, काढला, पुन्हा लावला. मग तो बाहेर जाऊन डॉक्टरांना घेऊन आला. साचा सैल झाला होता. माझा चेहरा त्यात इकडून तिकडे फिरत होता. डॉक्टर म्हणाले, वजन तर तेवढंच आहे म्हणतात, मग हे कसं? आहारवाली मुलगी धावत आली. मला तशाच गाऊनवर काट्यावर उभं केलं. काट्याने जे होतं ते दाखवलं. मुलगी एकदा काट्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत राहिली, आणि तेवढ्यात बाहेरच्या बाकावर माझे कपडे मांडीवर घेऊन बसलेले हे काय झालं ते बघायला उठले. साडीच्या घडीतून अर्धवट सुटलेल्या रुमालातला बत्ता निसटला आणि फरशीवर पडला. पितळेचा आवाज त्या लांबलचक पॅसेजमध्ये घणघणत गेला.

ह्यांनी तो वाकून उचलला. रुमाल सोडवला. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "माका तरी सांगूक होया होता." पुढे डॉक्टर जे बोलले ते शांतपणे बोलले. आजचं रेडिएशन होणार नाही. नवा साचा करायला थोडे दिवस जातील. तेवढ्या दिवसांत वजन सावरलं तर पुढे जाऊ. असंच उतरत राहिलं तर थांबवावं लागेल, आणि मध्येच थांबवलेल्या उपचाराने आजार थांबत नाही. तुम्हाला बरं व्हायचं आहे की नाही, एवढं तुम्ही ठरवा. मी कपडे बदलले. ह्यांना औषधांच्या रांगेत उभं केलं, खुणेने सांगितलं की जरा वारा घेऊन येते, आणि रुग्णालयाच्या दारातून बाहेर पडले. कुठेही जावं, पण त्यांच्यासमोर बसून राहू नये, एवढंच डोक्यात होतं.

समोरच्या गल्लीच्या तोंडाशी गणपतीचं एक छोटं देऊळ आहे. रोज जाता-येता मी रस्त्यावरूनच त्याला हात जोडायचे. नळी घातल्यापासून मी कुठल्याच देवळात पाऊल ठेवलं नव्हतं. लोक बघतील, प्रसाद हातावर ठेवतील आणि तो मला तोंडात घालता येणार नाही, ह्या भीतीने. त्या दुपारी सकाळची गर्दी ओसरली होती, तरी आत बरीच माणसं दिसत होती. मी पायरीपाशी थांबले. ऊन डोक्यावर होतं, पोटात कालपासून काही नव्हतं, डोळ्यांपुढे काळं यायला लागलं. मी खालच्या पायरीवर टेकले आणि तिथूनच मूर्तीकडे बघत मनात म्हटलं, माझं चुकलं हे मला कळतंय, पण त्या माणसाच्या हातून आता मी कसं घेऊ? मला ते जमणार नाही. तुला काही करायचं असेल तर तूच कर.

त्याच पायरीच्या दुसऱ्या टोकाला एक बाई बसली होती. माझ्याच वयाची, दंडाला गोंदलेलं, साडी कोळणींसारखी चापून नेसलेली. कपाळ मोकळं होतं. मांडीवर एक हिरवं शहाळं दोन्ही हातांनी धरून ती बसली होती. माझ्याकडे बघून तिने विचारलं, "आत जातेस काय गो बाय?" मी मान हलवली, नाही. "मग जा ना. माझं एवढं देवापुढं ठेव. मना आत नाय जाता येत." मी का असं नजरेनेच विचारलं असेल. तिने सरळ सांगून टाकलं. ती खारदांड्याची. तिचा घरवाला ह्याच रुग्णालयात होता, घशाचा आजार. तिने ह्या गणपतीला शहाळं बोललं होतं. तो गेला. वर्षाच्या आत देवळाची पायरी चढू नको म्हणून घरच्यांनी बजावलं होतं. "तो बरा व्हईल तर शहाळं देईन, असं मी बोलली नव्हती. नुसतं शहाळं आणीन बोलली होती. आता बोलली ते बोलली. द्यायला नको?"

बोलले असते तरी तिला ते समजलं नसतं. तिने शहाळं माझ्या हातात ठेवूनच दिलं. दुसऱ्याचा नैवेद्य हातात आल्यावर नाही म्हणता येत नाही, एवढं वळण अंगात होतं. मी उठले आणि पायऱ्या चढले. रांगेत उभी राहिले. गाभाऱ्यापाशी गुरुजींनी विचारलं, कोणाच्या नावाने? मी मास्क खाली केला, कारण त्याशिवाय माझं बोलणं मुळीच कळत नाही. नळी, चिकटपट्टी, वाकडा गाल, सगळं उघडं पडलं. मी कसंबसं म्हटलं, बाहेर बसलेल्या बाईंच्या. गुरुजी नीट ऐकू यावं म्हणून पुढे वाकले, बरं म्हणाले, शहाळं देवापुढे ठेवून पाणी फिरवलं आणि एक जास्वंद त्यावर ठेवून मला परत दिलं. "चला, पुढचे या." एवढंच. मागे उभी असलेली माणसं मूर्तीकडे बघत होती, मोबाईलकडे बघत होती, माझ्याकडे कोणीही बघत नव्हतं. मी ज्या नजरांना इतके महिने भीत होते त्यांना आपापली कामं होती. मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले.

बाहेर येऊन मी शहाळं तिच्यापुढे धरलं. तिने ते घेतलं नाही. माझ्या गालाकडे बोट करून म्हणाली, "नळी हाय तुला. त्यालापण होती. आज काय घातलंस नळीतनं?" मी बोटाने आकाशाकडे दाखवलं आणि चंद्राचा गोल केला. ती जोरात हसली, अगदी रस्त्यावरची माणसं वळून बघतील इतक्या जोरात. "उपास? अगो, उपास तोंडाचा असतो. तोंड तर तुझं कधीपासून उपाशीच हाय. पोटाला कशाला मारतेस?" तिने पिशवी उघडली आणि तळातून एक मोठी सिरिंज काढली. पाकीट अजून फोडलेलंही नव्हतं. घरवाल्यासाठी आणलेल्यांतली ती शेवटची उरलेली. पिशवीत का ठेवली होती हे तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

देवळाच्या कोपऱ्यावर शहाळीवाला होता. तिने त्याच्याकडून शहाळं फोडून घेतलं, बाटलीतल्या पाण्याने हात धुतले, मला त्याच्या छत्रीखाली स्टुलावर बसवलं आणि रस्त्याकडे पाठ करून माझ्यासमोर उभी राहिली, म्हणजे मी कोणाला दिसू नये. पाकीट फोडून सिरिंजचा दट्ट्या काढला, ती नळीला लावली आणि वरून शहाळ्यातलं पाणी थोडं थोडं ओतत गेली. तिच्या हाताला त्याची चांगलीच सवय होती. "घाई नाय करायची. आपोआप उतरू दे," ती म्हणाली, आणि ते मला म्हणाली की दुसऱ्या कोणाला, मला सांगता येणार नाही. पोटात गार वाटत गेलं. थोड्या वेळाने मला ढेकर आला आणि त्याबरोबर घशात नारळाची चव आली. ऑपरेशननंतर मला कशाचीच चव आली नव्हती. मी रस्त्यावर, परक्या बाईसमोर, पदरात तोंड लपवून रडले. ती चमच्यासारख्या कापलेल्या सालाने मलई खरवडून खात उभी राहिली. मग नळीत थोडं साधं पाणी सोडलं, सिरिंज माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "देवाचं हाय. नाकातनं गेलं तरी जातं पोटातच ना? चल, माझी बस येईल." ती गेली. मी तिचं नाव विचारलं नाही आणि तिने माझं विचारलं नाही.

परत आले तेव्हा हे औषधांची पिशवी घेऊन बाकावर बसले होते. बत्ता त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता आणि खिसा एका बाजूला लोंबत होता. घरी पोचल्यावर त्यांनी पाय धुतले आणि नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरात गेले. मिक्सर फिरला, बंद झाला. नेहमी मी आतल्या खोलीत पडून असायचे. त्या दिवशी मला वाटलं, आपण होऊन जावं, पेला त्यांच्या हातून घ्यावा आणि माफी मागावी. मी भिंतीला धरत दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले.

हे देव्हाऱ्यासमोर उभे होते. स्टीलचा पेला त्यांनी गणपतीपुढे ठेवला होता. पळीत पाणी घेतलं आणि पेल्याभोवती फिरवलं, डाव्या हाताने आणि तेही उलटं. मग माझ्यासारखे डोळे मिटून उभे राहिले. ओठ हलत होते, पण मंत्र कुठला येत असणार त्यांना? वळले तेव्हा मी दिसले. चोरी पकडल्यासारखे ओशाळले. म्हणाले, "तू दाखवल्याशिवाय काय घेत नाय ना. म्हणून दाखवतंय. चुकत आसात काय तरी." मी विचारलं, कधीपासून? ते म्हणाले, "पयल्या दिवसापासून." मी पेल्यात बघितलं. त्याचा रंग नेहमीसारखा राखाडी नव्हता. त्यात रताळं होतं, दूध होतं, शेंगदाणे होते. चतुर्थी आहे म्हणून त्यांनी त्या मुलीला विचारून ठेवलं होतं की उपासाचं काय काय चालेल. दर चतुर्थीला, दर मंगळवारी, माझे उपासाचे वार लक्षात ठेवून ते उपासाचंच करत होते. मी वासही न घेता ओतत होते.

मोरीत बादलीभर पाणी टाकून मी जे वाहवून दिलं तो सगळा प्रसाद होता. आयुष्यभर जिने दुसऱ्यांना शिकवलं की प्रसादाचा कण खाली सांडू नये, तिच्या हातून हे झालं. मी तिथेच खाली बसले. मला हे कसंही करून सांगायचं होतं आणि तोंडातून नुसते आवाज निघत होते. सगळं ओतलं, सगळं ओतलं, असं मी हाताने मोरीकडे दाखवत सांगत राहिले. त्यांना ते रुग्णालयातच कळलं होतं. ते माझ्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले. "ता ऱ्हवांदे. आता घेशीत काय?" एवढंच विचारलं. मी पिशवीतून ती सिरिंज काढली, धुऊन घेतली आणि त्यांच्या हातात दिली. चंद्र उगवायचा होता. मी थांबले नाही. थोडं माझ्या साडीवर सांडलं, पण पेला रिकामा होईपर्यंत मी मान हलवली नाही.

त्यानंतर मी दार लावून घेतलं नाही. नवा साचा झाला, तो चेहऱ्यावर घट्ट बसला, आणि उपचार पूर्ण झाले. तोंड सोललं, ताप आले, काही दिवस पेला बघूनच पोटात ढवळायचं. ते सगळं झालं. ज्या दिवशी नळी काढली त्या दिवशी ती आहारवाली मुलगी माझ्यापेक्षा जास्त रडली. त्या खारदांड्याच्या बाईला मी पुढे खूप शोधलं. दर संकष्टीला त्या पायरीवर बसून बघितलं. ती पुन्हा दिसली नाही. तिचं वर्ष सरेपर्यंत मी दर चतुर्थीला तिच्या वाटचं शहाळं आत नेऊन ठेवलं. गुरुजी विचारायचे, कोणाच्या नावाने? मी म्हणायचे, बाहेरच्या बाईंच्या. त्या दुपारी तिला तिथे कोणी बसवलं असेल ह्यावर मी कोणाशी वाद घालत नाही. मी देवाला म्हटलं होतं, तूच कर, आणि वळून बघितलं तर ती होती. मला तेवढं पुरतं.

ह्या माघीला मी पंगतीला बसले. पहिल्यांदाच. भात मऊ करून वर सांबारं पातळ ओतलं, आणि ज्या सुनेला मी मिठावरून बोलले होते तिनेच वाढलं. काय आणि किती वाढायचं हे मी तिला सांगितलं नाही. मला वाटायचं, देणं म्हणजेच भक्ती. हात पुढे करून घेता येणं हे त्याहून किती अवघड असतं, आणि देवाने मला तेच शिकवायचं ठरवलं होतं, हे कळायला मला इतकं सगळं हरवावं लागलं. आजही त्या मोरीजवळून जाताना मान खाली जाते. जाऊ दे, ती वर राहून फार दिवस झाले होते. आता मी तोंडाने जेवते, मऊ आणि हळूहळू, पण नैवेद्य अजून हेच दाखवतात. बत्ता खलात परत आला आहे, खिरीची वेलची तेच कुटतात. पळी अजून डाव्याच हातात असते आणि पाणी अजून उलटंच फिरतं. मी मागे उभी राहून बघते आणि दुरुस्त करत नाही.